मणक्याचं म्हणा

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत एक नियम आहे. तो कुठल्याही पाटीवर लिहिलेला नाही, हेच पुण्यात विशेष. शैलाताईंनी काही सांगितलं की त्यातलं निम्मं सोडून द्यायचं, उरलेल्याला दोनाने भागायचं आणि मग जे राहील त्यावर पोटभर हसायचं. शैलाताई म्हणजे मी. माझ्या पोळ्या इतक्या पातळ होतात की आमच्या ह्यांनी एकदा पोळी डोळ्यांपुढे धरून पलीकडचा अग्रलेख वाचून काढला, ही बातमी मीच पसरवलेली आहे. पोळी खरंच पातळ होती. अग्रलेख हे कधीच वाचत नाहीत.

तेव्हा पुढचं वाचताना तुम्ही भागाकार करणार, हे मला ठाऊक आहे. करा. पोळ्यांना भागा, सासूबाईंना भागा, आमच्या ह्यांना तर जरूर भागा. फक्त आजारपणाला भागू नका. ते मी होतं तेवढंच लिहिलंय. खरं तर थोडं कमीच, कारण ज्यांना हा आजार झालाय त्यांना सांगायला लागत नाही आणि ज्यांना झालेला नाही त्यांना सांगून पूर्ण कळत नाही.

दोडका की भेंडी

लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी माहितीपत्रकात दोन शब्द लिहिले होते: गृहकृत्यदक्ष आणि हसतमुख. बाकी सगळं, म्हणजे उंची, रंग, शिक्षण, लोक लग्नानंतर विसरतात. हे दोन शब्द मात्र सासरी कोणी विसरलं नाही. मिक्सरची वॉरंटी दोन वर्षांत संपते, माझी सत्तावीस वर्षं चालू आहे. तापात फणफणतानासुद्धा मी हसतमुख होते. एकदा तर दाढ काढून आल्यावर, तोंडात कापूस असताना, बारा माणसांची पंगत हसवली. (बारा नव्हती. सात होती. पण कापूस होता.)

तर रोज सकाळी मी घरात विचारायची, "आज भाजी कोणती करू?" आणि तीन दिशांनी उत्तर यायचं, "कर काहीही." आमच्या घरात 'काहीही' नावाची भाजी आठवड्यातून सातदा होते आणि ती प्रत्येकाला वेगळ्या चवीची लागते.

एके दिवशी मी भाजीच्या गाडीपाशी उभी होते. एका बाजूला दोडका, दुसऱ्या बाजूला भेंडी. मला ठरवता येईना. म्हणजे आवडनिवड नव्हे हो, ठरवताच येईना. डोक्यात जिथे उत्तर तयार होतं ती जागाच कोणीतरी पुसून नेल्यासारखी. भाजीवाल्या मावशींनी दोन-तीन गिऱ्हाइकं उरकली, मग म्हणाल्या, "ताई, घ्या की काय ते. भेंडी कवळी हाय." मी हो म्हटलं आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आले.

घरी सांगितलं, एका गाईने सगळी गाडी फस्त केली, वर ढेकर दिला आणि मावशींनी तिच्याकडून पैसे मागितले. सगळे हसले. मी पिठलं टाकलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ पूर्ण सोडला आणि रडले. पुण्यात पाण्याची टंचाई का असते, याबद्दल महापालिका काहीही सांगो, मला खरं कारण ठाऊक आहे. किती बायका रोज नळ सोडून रडत असतील, त्याचा हिशोब धरणात धरलेलाच नाही.

सगळं नॉर्मल

गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, साखर, हिमोग्लोबिन. सगळं नॉर्मल. आमच्या ह्यांना लॉटरी लागल्यासारखा आनंद झाला. "बघ, काही नाहीये तुला."

मला मात्र फार वाईट वाटलं. मला थायरॉईड हवा होता. माझ्या सगळ्या मैत्रिणींना थायरॉईड आहे. कोणी दमली, कोणाचे केस गळले, कोणी नवऱ्यावर खेकसली की थायरॉईडकडे बोट दाखवते आणि विषय संपतो. मला बोट दाखवायला काही नव्हतं. काही नसताना सकाळी उठवत नव्हतं, काही नसताना हातातलं ताट जड लागत होतं, घरात माणसं असताना घर ओसाड वाटत होतं. सासूबाई म्हणाल्या, "देवाचं कर काहीतरी. रिकामं डोकं आहे तुझं." पहाटे पाचपासून रिकामं डोकं घेऊन मी ह्यांचा डबा, सासूबाईंची पेज, धुणं आणि दळण करत होते.

हे खडकीच्या कारखान्यात दारूगोळ्याच्या तपासणीत आहेत. कुठला गोळा फुटेल, कुठला फुटणार नाही, हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं. बोलतात मोजकं. घरात काय फुटायच्या बेतात आहे, ते त्यांना ओळखू आलं नाही. त्यांना दोष देत नाही, मीच वरून झाकण घट्ट लावलं होतं आणि झाकणावर विनोद लिहिले होते.

फुटलं नाश्त्याच्या वेळी. मी पोहे वाढता वाढता म्हटलं, "मी नसले ना, तर तुम्ही पोळीभाजी केंद्रावर माझ्यापेक्षा सुखात जगाल." हे हसले. सासूबाईंना ऐकू आलं नाही. त्यांना कमी ऐकू येतं आणि कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्या ते लावत नाहीत. आमची मुलगी सायली हसली नाही. ती खराडीला आयटीत आहे आणि तिला माझ्या विनोदांचा लहानपणापासून सराव आहे.

"आई, हे तू या आठवड्यात किती वेळा बोललीस माहितीये?"

"अगं, जोक आहे."

"नाहीये. यू आर नॉट ओके, आई. आणि पोहे खाली सांडतायत."

खरंच सांडत होते. मी डाव घेऊन उभी होते आणि पोहे ताटाच्या बाहेर वाढत होते.

चेहरा सोडा

सायलीने रजा टाकली आणि मला स्कूटरवर घातलं. पुण्यातल्या मुली स्कूटरवर ओढणीने चेहरा असा बांधतात की सख्खी आई ओळखणार नाही. मीही बांधला, आणि दवाखान्यात शिरल्यावरही सोडला नाही. दाराशी पाटी होती, 'मानसोपचारतज्ज्ञ'. हा शब्द इतका लांब आहे की तो वाचेपर्यंत ओळखीचं कोणीतरी तुम्हाला बघून जातं.

नाव लिहून घेणाऱ्या बाई वर न बघता म्हणाल्या, "चेहरा सोडा, मॅडम. इथे सगळे बांधूनच येतात. मग मला नावं ओरडावी लागतात."

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान. मी त्यांना गाय आणि भाजीची गाडी सांगितली, दाढ आणि पंगत सांगितली. त्या हसल्या नाहीत, लिहूनही घेतलं नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही मघापासून मला गमती सांगताय. झोप लागते का, ते तुम्ही सांगितलं नाहीत."

"नाही लागत."

"जगावंसं वाटतं का?"

मला आतापर्यंत कोणी विचारलं होतं, चहा झाला का, इस्त्रीचे कपडे आले का, गॅस बंद केलास का. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी तोंड उघडलं, नेहमीसारखं काहीतरी येईल म्हणून, आणि आत काही नव्हतं. सायलीने माझा हात धरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नैराश्य आहे. आजार आहे. बरा होतो. पण तुम्ही आता घरी जाऊ नये असं मला वाटतं."

घरी जाऊ नये! माझ्या मनात पहिला विचार आला, उद्याच्या डब्याचं काय? आणि दुसरा विचार आला, तो लिहायला मला आजही लाज वाटते: बरं झालं.

वॉर्डात

हे कारखान्यातून तडक हॉस्पिटलात आले, गणवेशातच. नर्स म्हणाली, "दागिने काढून नातेवाइकांकडे द्या. मंगळसूत्रपण."

"सिस्टर, तेवढं राहू द्या ना," हे म्हणाले.

"या वॉर्डात नाही चालत, काका."

मी काढलं. ह्यांनी ते आधी पँटच्या खिशात, किल्ल्यांबरोबर टाकलं. मग काय वाटलं कोण जाणे, काढून शर्टाच्या खिशात ठेवलं, बटण लावलं आणि खिशावर हात ठेवून उभे राहिले. राष्ट्रगीताला राहावं तसे. मला हसू आलं. ह्यांना आलं नाही. गळा हलका लागत होता आणि हलका लागतोय म्हणून अपराधी वाटत होतं. आम्हा बायकांना ओझं उतरल्याचाही हिशोब द्यावा लागतो.

वॉर्डातल्या दिवसाला फार प्रसंग नसतात. सकाळी चहा, मग गोळ्या, गोळी गिळली का ते बघायला तोंड उघडून दाखवायचं, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपार. दुपार ही तिथली सर्वांत लांब गोष्ट होती. मी पुण्याहून पायी निघून आळंदी करून परत आले असते, इतकी लांब. ओढणी नाही, काच नाही, फोन ठरल्या वेळी. कोणी भिंतीकडे तोंड करून झोपलेली, कोणी खिडकीच्या जाळीला बोटं लावून उभी. कोणाला हसवायचं नाही. पहिले काही दिवस मला हे फार जड गेलं. न हसवता मी कोण, तेच आठवेना.

दिलासा मिळाला तो भलत्याच वाटेने. पहिल्या दिवशी जेवणाचं ताट आलं, झाकण काढलं तर दोडक्याची भाजी. बेचव, पाणचट. माझ्या हाताखाली कोणी अशी भाजी केली असती तर मी तिला सोसायटीतून काढलं असतं. मी ती खाताना ढसाढसा रडले. कारण ती कोणीतरी ठरवली होती. मला न विचारता, माझ्यासाठी.

शेजारच्या खाटेवर बिबवेवाडीच्या एक बाई होत्या. त्या बोलायच्याच नाहीत. एका दुपारी उठून माझ्या मागे येऊन बसल्या आणि माझे केस विंचरायला लागल्या. वेणी घातली, टोकाशी रबर लावलं आणि परत जाऊन झोपल्या. आम्ही एकमेकींचं नावही विचारलं नाही.

सोपं पडलं

भेटीच्या वेळी हे यायचे आणि खुर्चीच्या कडेवर बसायचे. एकदा म्हणाले, "आईला सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, शैलाचं मनाचं दुखणं आहे. तिला नीट ऐकू आलं नाही. म्हणाली, मणक्याचं?"

"मग?"

"मी म्हटलं, हो."

"का म्हणालात हो, 'हो'?"

हे जमिनीकडे बघायला लागले. मग म्हणाले, "सोपं पडलं."

आमचं पुणं न आणि ण यांच्याबद्दल किती कडक! 'पानी' म्हणणाऱ्या माणसाला इथे लोक पाणी देण्याआधी व्याकरण देतात. त्या शहरात माझा आजार एका अक्षराएवढ्या फरकात बदलला आणि कोणी हूं की चूं केलं नाही. सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत सगळ्या गोतावळ्याला फोन केले. मणका सरकलाय. ट्रॅक्शन लावलंय. बिचारी.

सायली भडकली. "बाबा, दॅट्स अ लाय!" मी तिला गप्प केलं. खरं सांगू? मला हायसं वाटलं होतं. मला बोट दाखवायला शेवटी एक हाड मिळालं होतं.

पाठीशी सगळे

घरी आले तर माझं राज्यारोहण झाल्यासारखं. नवी गादी. वाकायचं नाही, उचलायचं नाही. ह्यांनी सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा सिलिंडर स्वतः आत आणला. सासूबाईंनी कमरेचा पट्टा मागवला आणि स्वतःच्या हाताने बांधला. स्वयंपाकाला एक बाई लावली. मनाचं म्हटलं असतं तर म्हणाले असते, चार माणसांत मिसळ, कामात जीव रमव, आम्हाला नव्हती का दुःखं? मणक्याला कोणी असं म्हणत नाही. मणक्याला सगळे मान देतात.

सोसायटीतल्या बायका यायच्या. तेलं आणायच्या, लेप आणायच्या. आणि मी, सवयीने, त्यांना मोबदला द्यायची. "डॉक्टर म्हणाले, तुमचा चौथा मणका पुण्याचा आहे आणि पाचवा मुंबईचा. दोघांचं एका पाठीत पटायचं नाही." हशा. "एक मणका तर रात्रीचा फिरायला जातो आणि चावी घेऊन जात नाही." हशा. समोरच्या पाटणकर वहिनींनी तर माझी पाठ चोळून दिली. किती प्रेमाने! मी उशीत तोंड खुपसून पडले होते आणि त्यांचा हात जिथे फिरत होता तिथे काहीही दुखत नव्हतं. एका वीतभर अंतरावर, बरगड्यांच्या आत, जिथे दुखत होतं तिथे पोचायला कोणाच्या हाताला वाटच नव्हती. अख्खी सोसायटी माझ्या पाठीशी उभी होती. समोर कोणी नव्हतं.

खरं ठाऊक असलेली माणसं दोन. हे, जे त्याबद्दल बोलायचे नाहीत. आणि सायली, जिची त्याच सुमाराला बंगळुरूला बदली झाली. रोज फोन करायची. "आई, खरं सांग, कशी आहेस?" मी म्हणायची, "मजेत," कारण तिला तिथे रडू आलं असतं तर तिचा हात कोणी धरला असता?

मणक्याची मुदत

मणक्याची एक अडचण मला तेव्हा ठाऊक नव्हती. तो बरा होतो, आणि कधी बरा व्हायला हवा ते सगळ्यांना माहीत असतं.

चैत्र आला. आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू मोठं असतं. कैरीची वाटली डाळ, पन्हं, आरास, ओटीला भिजवलेले हरभरे. आणि माझी डाळ! ती खाऊन एका बाईंनी माहेरी जायचा बेत रद्द केला होता, असं मी सांगत असते. सासूबाई म्हणाल्या, "आता बसला असेल की मणका जागेवर. पट्टा काढ, जरा चालतीफिरती हो. यंदा गौर थाटात मांडू." स्वयंपाकाच्या बाईंना त्याच आठवड्यात निरोप दिला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, औषध बरेच महिने घ्यायचं, सुधारलं तरी सोडायचं नाही. पण त्या गोळीने सकाळी डोळे उघडायचे नाहीत आणि डाळ पहाटे वाटायची होती. मी गोळी अर्धी केली. मग अर्धीही राहायला लागली. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी असं करत असेल तर आत्ता, वाचन थांबवून, आपल्या डॉक्टरांना फोन करा. मी थट्टा करत नाहीये. आठवड्याभरात परत गाडीपाशी उभी होते, हातात कैरी, आणि आंबट आहे का विचारायचं असतं हेही सुचत नव्हतं. पुन्हा तेच विचार येऊ लागले, मी नसले तर. या वेळी मी ते नाश्त्याला बोललेही नाही. डॉक्टरांची तारीख हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशीची होती. मी ठरवलं, जायचं नाही. मणका बरा झालेल्या बाईने डॉक्टरकडे कशाला जायचं?

हळदीकुंकू झालं. हॉल भरला. सासरे गेल्यापासून सासूबाई अशा वेळी आतल्या खोलीत बसतात. कितीही म्हटलं तरी बाहेर येत नाहीत. पण आरास त्यांची, कलिंगडाचं कमळ त्यांनी कापलेलं. पाटणकर वहिनींनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "शैलाताई, पाठ कशी आहे आता?"

मला वाटलं, आत्ता. आत्ता नाही तर मी बुडाले.

"पाठ ठणठणीत आहे," मी म्हटलं. "पाठीला कधी काही झालंच नव्हतं. मला मनाचा आजार झाला होता. मी मानसोपचाराच्या वॉर्डात होते."

हातातले पन्ह्याचे पेले थांबले. मग पाटणकर वहिनी म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे तो पट्टा काय मनाला बांधला होतात?"

आणि हॉल फुटला. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसल्या. कोणाच्या नाकात पन्हं गेलं. माझ्या आयुष्यात मला इतका मोठा हशा कधी मिळालेला नाही. आणि मी काय केलं? सगळे माझ्याकडे बघत होते, पुढचं वाक्य हवं होतं, आणि मी ते दिलं. "तर काय! मन जागेवरून सरकलं होतं. दोन्हीकडून दोरी बांधून ओढलं, तेव्हा कुठे बसलं."

पुन्हा हशा. मी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन पुढच्या बाईकडे गेले. बोट चुकलं आणि तिच्या भुवईवर कुंकू लागलं. तीही हसली.

पुढचं वाक्य

बायका गेल्या. हॉलभर रिकाम्या खुर्च्या, डाळीच्या वाट्या, सांडलेले हरभरे. मी एका खुर्चीवर बसले. सासूबाई आतून आल्या. "आरतीचं ताट राहिलंय, शैला. आणि सकाळच्या नैवेद्याचं भिजत घाल."

मी मोठ्याने म्हटलं, "मला होत नाही, आई."

त्या थांबल्या. दारात हे चपला काढत होते, तेही थांबले. दोघं माझ्याकडे बघत होती. मला ती नजर ओळखीची आहे. माणसं माझ्याकडे अशी बघतात तेव्हा ती विनोदाच्या शेपटाची वाट बघत असतात. मला होत नाही, कारण गौरीने मला डोळा मारला. मला होत नाही, कारण डाळीने राजीनामा दिलाय. असं काहीतरी.

शेपूट आलं नाही. मी बसून राहिले.

हॉलमधला पंखा फिरत होता. हे आले, समोर उकिडवे बसले आणि माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग विचारलं, "डॉक्टरची तारीख कधी आहे?"

"उद्या. मी जाणार नव्हते."

"गोळ्या?"

मी मान हलवली. ते उठले, आरती त्यांनीच केली, बेसूर. वाट्या घासल्या, त्यातल्या काही फोडल्या. दुसऱ्या दिवशी नैवेद्य पोळीभाजी केंद्रातून आला आणि आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई मला खूप बोलल्या. त्यांचं बोलून झाल्यावर हे म्हणाले, "मलाही थोडं बोला. मणका मी सांगितला होता." त्यांच्या तोंडून सलग इतकी वाक्यं मी आमच्या साखरपुड्यानंतर पहिल्यांदा ऐकली.

मी त्या दिवसानंतर बरेच दिवस विनोद केला नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे. मी खरं बोलले तेव्हा लोक हसले आणि मी गप्प बसले तेव्हा पहिल्यांदा त्यांना वाटलं, काहीतरी झालंय. मग कुजबुज सुरू झाली. आमंत्रणं कमी झाली. पाटणकर वहिनी जिन्यात दिसल्या की त्यांना एकदम गॅसवरचं दूध आठवायचं. एकटं पडण्याचे दोन प्रकार असतात, ते मला तेव्हा कळलं: माणसं भोवती असतानाचं आणि माणसं नसतानाचं. दुसरं जास्त बोचतं, पण त्यात झोप लागते.

सासूबाई माझ्याशी बोलेनात. विकतचा नैवेद्य त्यांच्या घशाखाली उतरला नव्हता. त्यांना अजून मणकाच ठाऊक होता, आणि बऱ्या झालेल्या मणक्याची बाई खुर्चीत बसून राहते, याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होत होता: सोंग.

मग एका सकाळी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. त्या येऊन स्टुलावर बसल्या.

"शैला, तुझं मणक्याचं नव्हतं ना?"

"नाही."

"काय?"

"नाही म्हटलं!"

"मग कशाचं?"

आमच्या इमारतीत सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या एकाच चौकोनी पोकळीत उघडतात. कोणाकडे कसली फोडणी पडली, कोणाचं कोणाशी वाजलं, सगळं त्या पोकळीतून वरखाली जातं. माझा पिठाचा हात आपोआप खिडकीच्या कडीकडे गेला. सासूबाई माझ्या ओठांकडे बघत होत्या, कान पुढे करून. मी हात मागे घेतला.

"मनाचं!" मी ओरडले.

"कोणाच्या?"

"माझ्या! माझ्या मनाचं!"

"काय होतं?"

"रडू येतं! काही नसताना! सकाळी उठवत नाही! जगू नये असं वाटायचं!"

खालच्या मजल्यावर मिक्सर चालला होता, तो थांबला. वरच्या मजल्यावरचा नळ बंद झाला.

"आत्ता?" सासूबाईंनी विचारलं.

"आता कमी आहे! गोळ्या घेते! अजून पुष्कळ दिवस घ्यायच्या आहेत!"

त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि रागावूनच म्हणाल्या, "मग हे आधी मोठ्याने का नाही बोललीस?"

त्यांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं आणि म्हणाल्या, "सांग. पहिल्यापासून सांग. आणि ऐकू येईल असं सांग."

मी पहिल्यापासून सांगायला लागले. दोडका, भेंडी, नळ. घसा बसेपर्यंत सांगितलं. खालचा मिक्सर काही परत सुरू झाला नाही.